एकेचाळीस माणसं आणि एक कोट

एरवी दर आठवड्याला या पानावर वाचकांशी चार शब्द बोलायला बसलो की संपादकांची कात्री माझ्या डोक्यावर टांगलेली असते. दिवाळी अंकात मात्र ते अचानक उदार होतात. यंदा म्हणाले, "काहीतरी परदेशातलं लिहा. जन्मभर फुकटात जग हिंडलात, आता वाचकांनाही थोडं हिंडवून आणा!"

जन्मभर हिंडलो हे खरं. फुकटात, हे मात्र संपादकांना कोणी सांगितलं कोण जाणे. मंडळी, टूर कंपनीच्या माणसाचं हिंडणं म्हणजे लग्नातल्या आचाऱ्याचं जेवण. पक्वान्नं सगळी त्याच्यासमोर असतात. पण त्याचं लक्ष कुठल्या पानावर मीठ वाढायचं राहिलं आणि कोणाच्या ताटात पुरी संपली याकडेच. पॅरिसचा आयफेल मनोरा मी तीसेक वेळा तरी पाहिला असेन. पण त्याच्या माथ्यावरून काय दिसतं यापेक्षा त्याच्या पायथ्याशी स्वच्छतागृह कुठल्या अंगाला आहे, हे मी अधिक खात्रीनं सांगू शकेन.

पोटासाठी प्रवास करणाऱ्यांची आपल्याकडची परंपरा तशी जुनी आहे. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले ते काही देश पाहायला नव्हेत. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. वाटेत बंडाचा वणवा पेटला, झाशीचा संहार डोळ्यांनी पाहावा लागला, आणि त्यातून १९०७ साली 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठीला मिळालं. विलायतेत टॉमस कुकनं १८४१ साली लेस्टरहून लफबरोला पाचेकशे माणसं आगगाडीनं नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. तीही दारूबंदीच्या सभेला! आजच्या कितीतरी सहलींचा मूळ पुरुष दारूबंदीवाला होता, हे आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

आपल्याकडे मध्यमवर्गीयाचं परदेशगमन फार काळ पैशापेक्षा परवानगीवर अडून बसलं होतं. एअर इंडियाचं पहिलं विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालं. पण तिकिटाचे पैसे जमले तरी हातखर्चाला परकीय चलन कुठून आणायचं? १९७० च्या सुमारास आठ डॉलर खिशात घालून विमानात बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे नियम सैल होत गेले, १९९१ नंतर तर फारच, आणि दादर-माहीमकडच्या मराठी सहल कंपन्यांनी बोरीवली-ठाण्यापर्यंतच्या कुटुंबांना युरोपची स्वप्नं पडायला लावली. केसरीभाऊ पाटलांनी १९८४ साली केसरी टूर्स काढली. त्यांच्या कन्या वीणा पाटील यांनी २०१३ साली वीणा वर्ल्ड सुरू केली. मी होतो तो एका तिसऱ्याच, लहानशा कंपनीत. तिचं नाव सांगत नाही. कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात शोभा माझी आहे, कंपनीची नव्हे.

गोष्ट जून १९९८ ची. दोन वर्षं दादरच्या कचेरीत व्हिसाचे अर्ज भरण्यात घालवल्यावर मालकांनी एके दिवशी बोलावलं आणि म्हणाले, "युरोपला जायचं. बरोबरचा अनुभवी माणूस आजारी पडलाय. जमेल ना?" जमणार नाही असं म्हणणारा माणूस गिरगावात अजून जन्मायचा आहे. चाळीत बातमी पसरायला जिना चढण्याइतकाही वेळ लागला नाही. समोरच्या काकूंनी स्विस चॉकलेटं सांगितली, तळमजल्यावरच्या अप्पांनी दाढीची पाती. "नशीबवान हो! फुकट युरोप आणि वर पगार," असं प्रत्येक जण म्हणून गेला. आईनं हातावर दही घातलं. वडील मात्र खुर्चीतूनच म्हणाले, "विलायत बघायला जात नाहीयेस, दाखवायला जातोयस. एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं."

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी तेव्हा पुष्कळच होत्या. युरो हे नाणं अजून चलनात यायचं होतं. त्यामुळे पाउंड, फ्रेंच फ्रँक, बेल्जियन फ्रँक, गिल्डर, मार्क, स्विस फ्रँक आणि लिरा अशी सात पाकिटं मी कमरेच्या पट्ट्यात बाळगत होतो. शेंगेनचा व्हिसा १९९५ पासून सुरू झाला होता, पण स्वित्झर्लंड त्यात नव्हतं. ते आलं २००८ च्या डिसेंबरात. म्हणजे जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरलं की शेंगेनच्या बाहेर, आणि पुढे इटलीत उतरताना पुन्हा आत. म्हणून प्रत्येकाच्या पारपत्रावर दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा, स्वित्झर्लंडचा वेगळा आणि ब्रिटनचा तिसरा. एक प्रवेश कुठं चुकून खर्ची पडला, तर इटलीच्या दारात माणूस अडकलाच. ही सगळी पारपत्रं माझ्या काळ्या पिशवीत होती. प्रवासी एकेचाळीस आणि मी एक, पारपत्रं बेचाळीस.

एकेचाळीस हा आकडा विषम. त्यामुळे एकाला जोडी नव्हती. त्या होत्या लालबागच्या एक मावशी. वय साठीच्या पुढचं, नऊवारी लुगडं, त्यावर लोकरीची बंडी आणि पायात मुलानं घेऊन दिलेले पांढरे बूट. मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा गिरणीत साच्यावर होता, आणि मावशींनी तीस वर्षं गिरणीकामगारांची खानावळ चालवली होती. जानेवारी १९८२ च्या संपात घरातला पगार थांबला, पण चूल त्यांनी थांबू दिली नाही. भिशीचे आणि खानावळीचे पैसे साठवून त्या या सहलीला आल्या होत्या. "पोरांच्या पैशानं न्हाई बरं का," हे त्यांनी विमानातच मला बजावलं होतं.

लंडनला त्यांनी मला एकच गोष्ट विचारली. "ओल्डहॅम हितनं किती लांब?" नवऱ्याच्या खात्यातल्या यंत्रांवर लोखंडात ओतलेली अक्षरं होती, आणि त्यांत हे गावाचं नाव. प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. इंग्रजी न येणाऱ्या माणसानं तीस वर्षं पुसून पुसून तेवढं एक नाव पाठ केलं होतं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं होतं. मी घाईत होतो. बकिंगहॅम राजवाड्यापुढचा पहारा बदलायची वेळ झाली होती. मी म्हणालो, "मावशी, ते आपल्या टूरमध्ये नाही." त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत.

सहाव्या दिवशी आम्ही सकाळी कोलोन सोडलं. मुक्काम थेट स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्गला. सहाशेच्या वर किलोमीटरचा पल्ला. आमचा ड्रायव्हर डच होता. अंगानं आडवा, बोलण्यानं कमी. त्याच्यासमोरच्या घड्याळात एक गोल कागदी तबकडी फिरत असे आणि तिच्यावर गाडी कधी चालली, कधी थांबली, किती वेगानं गेली हे सुईनं कोरलं जाई. युरोपातला नियमच तसा आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, दिवसात नऊ तासांहून जास्त चालवायचं नाही. आठवड्यातून दोनदाच काय ती दहा तासांची सवलत. त्या दोन्ही सवलती आमच्या आधीच संपल्या होत्या, कारण पॅरिसहून निघताना मी खरेदीत रमलेल्या मंडळींना आवरू शकलो नव्हतो. आता ती तबकडी जाऊन तिच्या जागी अंकांचं यंत्र आलं आहे, पण तास तेच आहेत.

फ्रायबुर्ग मागे टाकल्यावर एका थांब्यावर गाडी घेतली. पंधरा मिनिटं, फक्त हातपाय मोकळे करायला. मंडळी परत आली. मी मागच्या बाकापासून मोजत मोजत पुढे आलो. मागे एका मुलाला उलटी झाली होती, त्यामुळे जागांची अदलाबदल झालेली. कोणी शाल पांघरून निजलेलं. मी भराभर भरलेली आसनं मोजली आणि शेवटचं, पहिल्या रांगेतलं आसन मोजून एकेचाळीस म्हटलं. ड्रायव्हरला अंगठा दाखवला. गाडी सुटली.

बाझेलच्या सीमेवर जर्मन आणि स्विस अधिकारी शेजारी शेजारीच उभे असत. एक तरुण अधिकारी गाडीत चढला, पिशवीतली पारपत्रं त्यानं मोजली, मग माणसं मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळून दोन बोटांनी आकडे सांगितले. पारपत्रं बेचाळीस. माणसं एकेचाळीस.

मी हसलो. म्हटलं, याचंच चुकलं असेल. आणि मोजायला मागे वळलो, तेव्हा पहिल्या रांगेत माझ्या स्वतःच्या आसनावर नीट घडी करून ठेवलेला माझा कोट मला दिसला.

वाचकहो, मी त्या कोटाला माणूस म्हणून मोजलं होतं. आणि मावशींच्या शेजारचं आसन सहा दिवस रिकामंच असल्यामुळे "अहो, आमची शेजारीण कुठाय?" असं ओरडायला कोणी नव्हतं. एक साठी उलटलेली बाई, मराठीखेरीज भाषा येत नाही, पारपत्र माझ्याजवळ, मार्क बहुधा एकही नाही, आणि मोटारी ताशी दीडशेच्या वेगानं धावतात अशा रस्त्याच्या कडेला मी तिला सोडून आलो होतो. पन्नास किलोमीटर मागे.

गाडीत एकच कल्ला झाला. "परत चला! आत्ताच्या आत्ता!" मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्यानं तबकडीकडे बोट केलं. अजून बाझेल ते एंगेलबर्ग जायचं होतं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर वाढले, तर नऊ तास वाटेतच संपणार आणि एकेचाळीस माणसं रात्री रस्त्यावर. मी गयावया करू लागलो, तसा तो शांतपणे म्हणाला, "चालवण्याचे तास मोजले जातात. उभं राहण्याचे त्यांत धरत नाहीत. मी इथं उभा राहतो. तू टॅक्सीनं जा."

दुसरं शहाणपण त्या अधिकाऱ्याचं. त्यानं आमच्या पारपत्रांवर शिक्का मारलाच नाही. आम्ही अजून जर्मनीतच आहोत असं धरून गाडी बाजूला लावायला लावली. शिक्का पडला असता, तर मला परत जर्मनीत शिरताना दुसरा प्रवेश खर्चावा लागला असता आणि इटलीचं दार माझ्यापुरतं बंद झालं असतं. मग त्यानं फोन लावले. पाचेक मिनिटांनी म्हणाला, "बाई आहेत. सुखरूप आहेत. पण उपाहारगृहाचे लोक म्हणतात, त्या आत यायला तयार नाहीत. गाड्यांच्या तळावर बसून आहेत."

दादरचे एक निवृत्त गुरुजी आमच्यात होते. त्यांच्या हाती माणसं सोपवून मी टॅक्सीत बसलो. ते चाळीस मिनिटांचं अंतर मी आजही पुरतं विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंना कोवळी हिरवी शेतं होती, एका अंगाला काळ्या अरण्याचे डोंगर होते. प्रवासी याच देखाव्यासाठी लाखो रुपये मोजतात. मी मीटरकडे पाहत नव्हतो आणि खिडकीकडेही नाही. मला सारखं लंडनमधलं माझंच वाक्य ऐकू येत होतं. "ते आपल्या टूरमध्ये नाही."

थांब्यावर पोचलो. मोटारी आणि ट्रकांच्या रांगांत एक लांबट चौकोन रिकामा होता. आमची गाडी उभी होती तोच. त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध मावशी मांडी घालून बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. शेजारी साफसफाई करणारी एक तुर्की बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, काचेच्या पेल्यात चहा घेऊन उभी होती. जागा हवी असलेले ट्रकवाले भोंगे वाजवत आणि ही बाई त्यांना हातानं पुढे हाकलत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि दोघी बोलत होत्या.

मला पाहून मावशी उठल्या. लुगडं झटकलं. "आलास व्हय? किती पळालास रं? तोंड बघ कसं झालंय."

मी त्यांचे पाय धरले. त्यांना ते आवडलं नाही. "उठ, माणसं बघत्यात." मग टॅक्सीत बसल्यावर म्हणाल्या, "ती बाई आत चल म्हणत होती. मी न्हाई गेले. लालबागला आमी गणपतीत पोरांना पयलं हेच शिकवतो. हात सुटला तर पळायचं न्हाई. जितं सुटला तितंच उभं ऱ्हायचं. शोधणाऱ्यानं हिंडावं, हरवल्यालं हिंडलं तर गाठ कशी पडंल?"

मी गिरगावचा. चौपाटीवर विसर्जनाच्या गर्दीत मीही लहानपणी एकदा चुकलो होतो आणि मलाही आईनं हेच शिकवलं होतं. युरोपच्या पहिल्या दिवशी मंडळींना मी विजेच्या बटणांपासून बक्षिशीपर्यंत सगळं समजावून सांगितलं होतं. एवढं एकच सांगायचं राहिलं होतं.

सीमेवर परतलो तेव्हा गुरुजी ध्वनिक्षेपकावरून दहा जणांची जुनी गोष्ट सांगत होते. नदी ओलांडून आलेले दहा जण एकमेकांना मोजतात, प्रत्येक जण स्वतःला मोजायचं विसरतो आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. आमच्या टूर मॅनेजरनं गोष्ट उलटी केली, गुरुजी म्हणाले. त्यानं स्वतःला सोडून आपला कोटसुद्धा मोजला! गाडीत हशा पिकला. तो हशा मला थपडेसारखा लागला, पण त्यामुळेच मंडळींचा राग निवळला, हेही खरं. तेवढ्यात मावशी वर चढल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझंच चुकलं. मोरीत येळ लागला. पोरानं हाका मारल्या, मला ऐकू न्हाई आल्या."

मी हाका मारल्या नव्हत्या. त्या नोकरी वाचवत होत्या माझी.

रात्री एंगेलबर्गला सगळे जेवून निजायला गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "मावशी, खोटं कशाला बोललात?" त्या हसल्या. "खानावळीत मी कदी ताटं मोजली न्हाईत. ताट मांडल्यालं असतंय, आन् माणूस पाळीवर अडकल्याला असतोय. तोंड बघून मोजायचं. तुला कुनी शिकवलं न्हवतं, आता शिकलास." एवढं बोलून त्या खोलीत गेल्या.

सहल संपल्यावर प्रत्येक टूर मॅनेजरला कचेरीत अहवाल द्यावा लागतो. मावशींनी मला वाट मोकळी करून दिली होती. 'प्रवासी वेळेवर परतली नाही' असं एक वाक्य लिहिलं की भागलं असतं. बाकीचे चाळीस जण त्याला साक्षी होते. तीन रात्री मी ते वाक्य लिहून खोडलं. मुंबईला उतरायच्या आधी विमानात खरं काय ते लिहिलं, कोटासकट. मालकांनी अहवाल वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला. टॅक्सीचे सव्वादोनशे मार्क माझ्या पगारातून कापले आणि पुढच्या सहलीची यादी हातात दिली. त्यानंतरच्या बावीस वर्षांत मी आसन मोजलं नाही. प्रत्येक वेळी तोंड पाहून मोजलं. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल असतात, टूरचा व्हॉट्सॲप गट असतो, बाझेलला पारपत्रांची ती तपासणीही राहिलेली नाही. नवी पोरं मला हसतात. हसोत. मोबाइलची बॅटरी संपते.

राहिलं ओल्डहॅम. २००३ साली मँचेस्टरला माझा एक दिवस रिकामा होता. तिथून हे गाव अगदी जवळ. गेलो. गिरणी म्हणून चालू असलेली एकही दिसली नाही. गावातली शेवटची गिरणी १९९८ सालीच बंद झाली होती. म्हणजे मावशी मला रस्ता विचारत होत्या त्याच वर्षी. लाल विटांच्या एका जुन्या इमारतीचा आणि तिच्या धुरांड्याचा फोटो काढून आणला आणि लालबागला त्यांच्या खोलीवर नेऊन दिला.

मावशींनी तो खिडकीपाशी धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "हे तर आपल्या हितलंच हाय." आणि आत जाऊन माझ्यासाठी ताट मांडू लागल्या.

त्या दिवशी दिवाळीच होती. वाचकहो, यंदाच्या फराळाला बसताना एकदा ताटं न मोजता तोंडं मोजून पाहा. कोणी मागे राहिलं असेल, तर ते अजून जागेवरच बसलेलं असेल. आपण जायचं.